लेकरांसह समुद्रदर्शन : अवसरीकरांसाठी एका अल्पखर्चाच्या प्रवासाची आखणी

सह्याद्रीच्या माथ्यावर आहुप्याच्या रानात उगम पावलेली घोड नदी डिंभ्याच्या जलाशयात काही काळ स्थिरावते, आंबेगाव-शिरूरची शेते भिजवीत भीमेला मिळते, आणि पुढे भीमेच्या व कृष्णेच्या संगतीने दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणजे आपल्या शिवारातून वाहणाऱ्या पाण्याला समुद्र भेटतो तो शेकडो कोस पूर्वेला, आणि ज्या आहुप्याच्या कड्यावरून खाली कोकण दिसते त्या कोकणाचा समुद्र मात्र अवसरी बुद्रुकपासून मोटारीने चार-पाच तासांच्याच वाटेवर आहे. असे असूनही भीमाशंकरला, जेजुरीला, पंढरीला आणि शिर्डीला सवडीप्रमाणे जाऊन येणाऱ्या आपल्याकडील घरांत, ज्यांनी समुद्र केवळ पाठ्यपुस्तकातील चित्रात अथवा मोबाईलच्या पडद्यावर पाहिला आहे, अशी मुले आजही आढळतात. वडीलधाऱ्यांना कारण विचारावे तर तीन उत्तरे मिळतात : खर्च झेपणार नाही, पोरांना गाडी लागते, आणि पाण्याचा भरवसा नाही. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु ज्या अडचणी आधीपासून ठाऊक असतात त्यांचा बंदोबस्तही आधीपासून करता येतो, आणि तो कसा करावा एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मोठी माणसे सहलीला निघाली की त्यांच्या बेतात गावांची संख्या वाढत जाते. अलिबाग पाहायचे, तेथून काशीद, काशीदवरून मुरूड, जंजिरा, जमल्यास हरिहरेश्वर, आणि परतीच्या वाटेत पालीचा बल्लाळेश्वर. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने या सर्व गावांचा अर्थ गाडीत बसून राहणे एवढाच असतो. त्याला हवी असते ओली वाळू, एक डबा, एक चमचा, आणि ‘चल, निघायचे आहे’ असे न म्हणणारे आईबाप. म्हणून एक किनारा, एक खोली, दोन रात्री, हे लहान मुलांच्या समुद्रप्रवासाचे प्रमाण मानावे. या प्रमाणात राहिले म्हणजे इंधन वाचते, दुसऱ्या गावच्या खोलीचे भाडे वाचते, वाटेवरच्या हॉटेलातले जेवण वाचते आणि मुलाचे आजारपणही बहुधा वाचते. मुलाची सोय आणि घराची काटकसर या ठिकाणी एकाच दिशेने चालतात, ही या विषयातील सर्वांत समाधानाची बाब आहे.

आपल्या मुलखाचा समुद्राशी संबंध काही आजचा नाही. सातवाहनांच्या काळात जुन्नरच्या बाजारपेठेतला माल नाणेघाटाने खाली उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जात असे, आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. घाटाच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. तेव्हा नाणेघाटाच्या वाटेचा विचार मुलांसह प्रवास करणाऱ्या आजच्या गृहस्थाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याच दिशेचा मोटाररस्ता म्हणून ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असा मार्ग नकाशावर आकर्षकही दिसतो. परंतु कल्याण-भिवंडीकडची वर्दळ ओलांडून केळव्या-डहाणूचा किनारा गाठेपर्यंत लहान मुलांचा धीर टिकत नाही, म्हणून पहिल्या प्रवासासाठी ही वाट मी सुचविणार नाही.

उरतात दोन वाटा. पहिली, मंचरवरून अवसरीचा घाट, पेठ, राजगुरुनगर व चाकण. चाकणहून तळेगाव दाभाडे, लोणावळा, बोरघाट उतरून खोपोली, आणि तेथून पेण, वडखळ, पोयनाड करीत अलिबाग. हे अंतर साधारण १६० ते १७० किलोमीटरचे आहे. दुसरी, चाकणहून पुणे शहराच्या कडेने चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. ही सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. ताम्हिणीची वाट निसर्गाने अधिक संपन्न, पण वळणांची आणि लांब. बोरघाटाची वाट वर्दळीची, पण आखूड आणि वाटेत दवाखाना, पेट्रोलपंप, दुधाची पिशवी यांची वाण नसलेली. ज्यांच्या गाडीत पाच वर्षांच्या आतील मूल आहे त्यांनी निःशंकपणे अलिबागची वाट धरावी. त्याला आणखी एक सबळ कारण आहे : अलिबाग हे रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असल्यामुळे तेथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आणि रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला तर या एका गोष्टीचे मोल खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसण्याच्या मोलाहून अधिक ठरते.

अलिबाग गाठले तरी अलिबागच्या भर वस्तीत उतरण्याचे प्रयोजन नाही. उत्तरेला वरसोली, दक्षिणेला आक्षी आणि त्यापुढे नागाव, ही नारळी-पोफळीच्या वाड्यांची गावे शहरापासून काही मैलांच्या आत आहेत, आणि तिन्ही ठिकाणची वाळू सपाट, उताराला मंद अशी आहे. नागावला पाण्यावरील खेळांची आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची दाटी असते. आक्षी त्या मानाने निवांत. याच आक्षी गावात शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे, आणि ज्यांची मुले नुकतीच बाराखडी शिकत आहेत त्यांनी तो त्यांना अवश्य दाखवावा. काशीदचा किनारा छायाचित्रांत फार सुंदर दिसतो, पण तेथे वाळू एकाएकी खोल जाते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. लहान मुलांसाठी तो किनारा वर्ज्य समजावा. हरिहरेश्वरचा खडकांवरून जाणारा प्रदक्षिणामार्गही, चालते मूल हाताशी असताना, देवाला लांबूनच नमस्कार करून सोडून द्यावा.

आता केव्हा जावे, याचा विचार. आपल्याकडे घरचे वेळापत्रक शाळा ठरवीत नाही तितके कांदा ठरवितो. डिसेंबर-जानेवारीत रब्बी कांद्याची लागण, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. या दोन हंगामांत घरातला कर्ता माणूस दोन दिवसही मोकळा होत नाही, आणि मोकळा झाला तरी त्याचे चित्त शेतात राहते. मे महिन्यात शाळेला सुट्टी खरी, पण किनाऱ्यावरचा उकाडा लहान मुलांना सोसवत नाही आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. जून ते सप्टेंबर हा काळ तर विचारातच घेऊ नये. १ जून ते ३१ जुलै या मुदतीत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला शासनाची बंदी असते, आणि जो समुद्र दर्यावर्दी कोळ्यांनाही घरी बसवितो त्यात आपल्या मुलांचे पाय बुडविण्याचा हट्ट कशासाठी धरावा? राहता राहिले दोन काळ : दिवाळी होऊन पर्यटकांची गर्दी ओसरल्यानंतरचे नोव्हेंबरचे दिवस, आणि लागण उरकल्यावर काढणी सुरू होण्यापूर्वीचा फेब्रुवारी. फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या सकाळी गार असतात, दुपार सोसण्याजोगी असते आणि आकाश निरभ्र असते. पहिली-दुसरीतल्या मुलाची दोन दिवसांची शाळा बुडाली तर गुरुजींना आधी सांगून रजा घ्यावी. आणि शक्य तोवर सोमवार ते गुरुवार या दिवसांत जावे, कारण शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या उतरल्या की त्याच खोलीचा दर पुष्कळ वाढतो आणि वाढीव दर देऊनही शांतता मिळत नाही.

महिना ठरला म्हणजे तिथी पाहावी. या गोष्टीकडे घाटावरच्या माणसांचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्या आखणीचा कणा तीच आहे. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि चंद्र रोज उशिरा उगवतो त्याप्रमाणे भरतीची वेळही रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून कोकणात एक सोपा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे : शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाला तीनने गुणावे आणि चाराने भागावे, येणारा आकडा भरतीच्या वेळेचा. पंचमीला तीन पाचे पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. ही वेळ सकाळची तशीच रात्रीची, आणि भरतीपासून सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे नेमकी वेळ त्या गावच्या कोळ्याला किंवा खोलीच्या मालकाला विचारूनच घ्यावी, अथवा मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात ते पाहावेत. परंतु घरबसल्या, भिंतीवरच्या कालनिर्णयावरून, कोणता आठवडा धरावा हे ठरविण्यास एवढा हिशेब पुरेसा आहे.

आणि हा हिशेब मुलांच्या सोयीशी जुळवून पाहिला म्हणजे असे दिसते की, दोन्ही पक्षांतील एकादशी ते त्रयोदशी हे दिवस लहान मुलांना सर्वांत अनुकूल आहेत. एकादशीला सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहाला भरती, म्हणजे पावणेचारच्या सुमारास ओहोटी. उन्हे कलल्यावर, साडेचारच्या पुढे मुले किनाऱ्यावर उतरतात तेव्हा समोर रुंद, ओली, खेळण्याजोगी वाळू पसरलेली असते आणि पाणी हळूहळू पुन्हा किनाऱ्याकडे येऊ लागलेले असते. पाणी किनाऱ्याकडे येत असताना घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहणे हे, पाणी बाहेर ओढले जात असताना उभे राहण्यापेक्षा, पुष्कळ निर्धोक. म्हणून तर कोकणातली जाणती माणसे ओहोटी लागलेली असताना पाण्यात जाऊ नका असे पुनःपुन्हा बजावतात. याउलट पौर्णिमा-अमावास्येला भरती-ओहोटी दोन्ही जोरकस असतात आणि नेमक्या सायंकाळी, खेळण्याच्या वेळी, पाणी मागे खेचले जात असते. घरात एकादशीचे व्रत असेल तर खोली ठरवितानाच उपवासाच्या पदार्थांविषयी सांगून ठेवावे, एवढीच काय ती जादा तजवीज.

खर्चाकडे वळू. जाण्यापूर्वी एका कागदावर पाच बाबी मांडाव्यात : इंधन, टोल, मुक्काम, जेवण आणि राखीव रक्कम. इंधनाचा हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन ३४० किलोमीटर आणि तेथील फिरणे साठ, असे ४०० किलोमीटर धरले, आणि गाडी घाटातून व मुलांच्या थांब्यांसह लिटरला सोळा किलोमीटर चालते असे मानले, तर पंचवीस लिटर लागतात. त्या दिवशीच्या दराने त्याला गुणले की पहिली बाब निकालात निघाली. गाडी सीएनजीवर असेल तर घाट उतरण्यापूर्वीच टाकी भरून घ्यावी. मुक्कामासाठी हॉटेलाचा विचार न करता घरगुती सोय पाहावी; आक्षी-नागावकडे वाडीतल्या घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि अशा घरात रात्री अकराला दूध गरम करून मिळते, मऊ भात शिजवून मिळतो, मुलांचे ओले कपडे वाळत घालायला दोरी मिळते. फोनवर दर ठरविताना चार प्रश्न स्पष्ट विचारावेत : पाच वर्षांखालील मुलांचे वेगळे पैसे आहेत काय, आंघोळीला ऊन पाणी मिळते काय, दिवे गेल्यास पंखा चालण्याची सोय आहे काय, आणि वाडीतल्या विहिरीला कठडा वा जाळी आहे काय. शेवटचा प्रश्न विचारायला पुष्कळ जण विसरतात. कोकणातल्या वाडीत विहीर अथवा पाण्याचे टाके हमखास असते, आणि समुद्रावर डोळ्यांत तेल घालून मूल सांभाळणारे आईबाप खोलीवर परतल्यावर गाफील होतात. राखीव रक्कम म्हणून एकूण अंदाजाचा निदान दशांश वेगळ्या पाकिटात ठेवावा आणि पाकीट घरी परत आणण्याच्या निश्चयानेच ठेवावा.

दोन-तीन नातलग कुटुंबांनी मिळून एक मोठी गाडी ठरविली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आणखी उतरतो, आणि मुलांवर लक्ष ठेवायला हातही वाढतात. ज्यांच्यापाशी गाडी नाही त्यांनी खट्टू होऊ नये. पुण्याहून अलिबागला एसटीच्या गाड्या सुटतात, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना राज्याच्या हद्दीत प्रवास विनामूल्य आहे. अलिबागच्या स्थानकावरून आक्षी-नागाव रिक्षाने जाण्याइतके जवळ. मात्र एका गोष्टीला सक्त मज्जाव असावा. शेतमालाची पिकअप घरचीच आहे, तिच्या हौद्यात सतरंजी अंथरून सगळ्यांना बसवू, म्हणजे भाडे वाचेल, असा विचार कोणाच्या मनात आला तर तो तत्काळ सोडून द्यावा. लग्नाच्या वऱ्हाडात हे चालत आले आहे म्हणून घाटात ते सुरक्षित ठरत नाही. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा अथवा बालकांचे आसन असल्याशिवाय गाडीतून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, पुढच्या आसनावर आईच्या मांडीत बसलेले मूल गचका बसताच कोठे आदळते याची कल्पना केली म्हणजे पुरे.

निघण्याची वेळ पहाटे साडेचारची. यात दोन लाभ साधतात. एक, चाकणच्या औद्योगिक वसाहतीची सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी, कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर रस्त्यावर येण्याआधी, चाकण आणि तळेगावची वाट मागे पडते. तो एक तास चुकला तर पुढे दीड-दोन तास त्याच रस्त्यावर खोळंबून भरून द्यावे लागतात. दुसरा, मुले अंथरुणातून उचलून तशीच झोपलेली गाडीत ठेवली म्हणजे लोणावळ्यापर्यंत ती उठत नाहीत आणि प्रवासाचा निम्मा भाग त्यांच्या नकळत संपतो. गाडी लागणाऱ्या मुलाला निघताना दूध मुळीच पाजू नये. कोरडी दशमी, चार शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यावा, आणि घाटापूर्वी आवळासुपारी तोंडात धरायला सांगावी. त्याला मागच्या आसनावर मधोमध बसवावे, समोरचा रस्ता दिसेल असे. घाटात मोबाईल पाहू देऊ नये, कारण खाली मान घालून चित्रे पाहणारे मूल हमखास ओकते. दर दीड तासाने दहा मिनिटे गाडी थांबवावी. एक जुना पंचा, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली आणि एक जोडी कपडे हे सामान डिकीत न टाकता पायाशी ठेवावे, कारण ज्या क्षणी ते लागते त्या क्षणी डिकी उघडायला सवड नसते.

शिदोरीविषयी आपल्या घरच्या बायकांना काही सांगण्याची गरज नाही. दुधात भिजविलेल्या दशम्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, शेंगदाण्याची चटणी चार दिवस. धपाटे, गूळ, सुके खोबरे, चुरमुऱ्यांचा चिवडा एवढ्यात जातानाची न्याहारी आणि दुपारची भूक भागते. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार घरून भरून न्यावा. बाटल्यांचा खर्च आणि मुलांच्या पोटाची तक्रार दोन्ही टळतात. तेथे पोहोचल्यावर मात्र एक वेळचे जेवण घरगुती खानावळीतच घ्यावे, कारण सोलकढीची चव मुलांना कळली पाहिजे. मासे खाणाऱ्या घरांनी लहानांना सुरमईची तुकडी द्यावी, मधला काटा काढून; बारीक काट्यांच्या माशांचा आग्रह धरू नये.

किनाऱ्यावर काय करावे, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. तेथे मुलांना एक पैशाचीही करमणूक विकत घ्यावी लागत नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर खाली बसून जवळून पाहिले तर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते. मध्ये एक बारीक छिद्र, आणि त्याभोवती सूर्याच्या किरणांसारख्या पसरलेल्या गोळ्यांच्या रांगा. करंगळीच्या नखाएवढा खेकडा ती वाळू तोंडाने चाळतो, तीतले अन्न वेचून घेतो आणि चाळलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पावलाचा हादरा बसताच तो छिद्रात शिरतो. दोन-तीन मिनिटे हालचाल न करता बसले तर पुन्हा वर येतो आणि काम जेथे सोडले तेथून पुढे चालू करतो. चार वर्षांचे चंचल मूल एवढ्यासाठी स्तब्ध बसते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना खरे वाटणार नाही. शिंपले वेचावेत, पण जिवंत गोगलगाय आत असलेला शंख परत पाण्यात ठेवायला मुलाला शिकवावे. सकाळी कोळीवाड्यातल्या होड्या परतताना आणि माशांचा लिलाव चालताना उभे राहून पाहावे. मंचरच्या बाजार समितीत कांद्या-बटाट्याचा लिलाव पाहिलेल्या मुलाला तो व्यवहार तत्काळ उमगतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी अथवा घोडागाडीने जाऊन पाहता येतो. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे. किल्ल्यात सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे, जिचे नवल मुलांना किल्ल्याच्या तटाहून अधिक वाटते. त्रयोदशीच्या सुमारास दुपारी तीननंतर निघावे, पण परतीची शेवटची वेळ किनाऱ्यावरच्या माणसाकडून नक्की करून घ्यावी आणि तिच्या अर्धा तास आधीच परतावे. पाणी चढू लागले म्हणजे मधली वाट फार लवकर झाकली जाते. अष्टमीच्या आसपास ओहोटीही अर्धवटच असते, त्या दिवसांत पायी जाण्याचा भरवसा धरू नये. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. १७२९ साली त्यांचे निधन झाले.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नको. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्यू पावले. ती मुले तरुण होती, धडधाकट होती, आणि तो निरभ्र फेब्रुवारी महिनाच होता. आपण विहिरीत आणि घोडच्या डोहात पोहणारी माणसे. पोहता येते हा आपला अभिमान समुद्रात घातक ठरतो, कारण डोहाचे पाणी माणसाला ओढून नेत नाही आणि समुद्राचे नेते. म्हणून मुलाच्या घोट्याच्या वर पाणी जाऊ देऊ नये, आणि एका मुलामागे एक मोठे माणूस, मोबाईल खिशात ठेवून, हाताच्या अंतरावर उभे असावे. ‘सगळे जण बघताहेत’ असे जेथे असते तेथे कोणीच बघत नसते. त्यासाठी पाळी लावावी, आणि पाळी बदलताना तोंडाने तसे बोलून दाखवावे. जीवरक्षक नेमलेले असतील त्या जागीच उतरावे. खाडीच्या मुखाशी, खडकांपाशी आणि अंधार पडल्यावर पाण्याजवळ जाऊ नये. मुलांच्या अंगात भडक, तांबडे किंवा नारिंगी कपडे घालावेत. निळे मूल निळ्या पाण्यात दिसत नाही. अकरा ते चार या वेळेत ऊन टाळावे, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पाजीत राहावे. जेलीफिश डसल्यास ती जागा वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. गाडी वाळूवर नेऊ नये; भरतीत रुतलेली गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो आणि सहलीची सारी काटकसर त्या एका ट्रॅक्टरच्या भाड्यात जाते. आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन क्रमांक घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावेत, आणि आईच्या किंवा वडिलांच्या मोबाईलचा क्रमांक मुलाच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूस पेनाने लिहून ठेवावा.

मुले सहा-सात वर्षांची झाली, पहिला समुद्र त्यांच्या अंगवळणी पडला, म्हणजे पुढच्या वर्षी ताम्हिणीच्या वाटेने दिवेआगर करावे. तेथील पुळण लांबच लांब आणि सपाट आहे, केवड्याची बने आहेत, आणि घरगुती जेवणात आधी सांगून ठेवल्यास उकडीचे मोदक मिळतात. तेथून श्रीवर्धनला जाणारा शेखाडीचा रस्ता समुद्राला लागून जातो, आणि श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे गाव. त्याहून मोठ्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये बाणकोट खाडी फेरीबोटीने ओलांडून मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी न्यावे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची संरक्षित घरटी असतात, आणि अंड्यांतून निघालेली तळहाताहून लहान पिल्ले समुद्राकडे सोडली जातात. पण ज्यांचे मूल अजून कडेवर आहे त्यांनी त्यासाठी घाई करू नये.

तेव्हा अवसरीच्या आणि भोवतालच्या गावांतील ज्या घरांत यंदा लागण वेळेवर उरकेल, त्यांनी कालनिर्णय काढून फेब्रुवारीतील एकादशी ते त्रयोदशीचे दिवस पाहावेत, त्यांतले सोमवार ते गुरुवारात येणारे निवडावेत, आक्षीला किंवा नागावला दोन-तीन घरी फोन करून विहिरीच्या कठड्याचा प्रश्न आठवणीने विचारावा, आणि उत्तर मनासारखे मिळाल्यावरच खोलीचे आगाऊ पैसे पाठवावेत.